पोच कुठल्या वहीत आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीवर, म्हणजे टाउन हॉलमधल्या त्या जुन्या विद्वत्संस्थेवर, अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. फोटोत टाउन हॉलच्या पायऱ्या होत्या, मजकुरात डान्ते होता, म्हणजे त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या इटालियन महाकाव्याचं सोसायटीकडचं जुनं हस्तलिखित. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, ही गोष्टही होतीच. ती मी आजवर निरनिराळ्या वर्तमानपत्रांत सात-आठ वेळा तरी वाचली असेल. गोष्ट चांगली आहे, तक्रार नाही. पण डान्तेच्या त्या काव्याची जुनी हस्तलिखितं जगात शेकड्यांनी आहेत. सोसायटीच्या सभांची प्रोसिडिंग बुकं, आवक-जावक रजिस्टरं, वस्तू दाखल करून घेतल्याच्या वह्या हे असलं दप्तर मात्र कुठल्याही संस्थेत एकेकच असतं. त्याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नव्हती. ती ओळ लिहायला बसले आणि पत्र लांबलं. कापायचं तर खुशाल कापा, फक्त सोपाऱ्याचा भाग ठेवा.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बावीस रेकॉर्ड रूममध्ये. 'अभिलेख कक्ष' असं दारावर लिहिलेलं असायचं, म्हणायचे सगळे 'रेकॉर्ड'च. तिथे बदली झाली की लोक सांत्वनाला येत. धुळीने पहिल्या वर्षी दमा जडतो, दुसऱ्या वर्षी नाद. मला दोन्ही जडले. कागद कसरीने खाल्लाय की वाळवीने हे मी बोटाने सांगू शकते: कसर कागदाचा वरचा पापुद्रा कुरतडते, वाळवी आरपार जाते आणि मागे माती ठेवते. एवढीच माझी विद्वत्ता.

माझं माहेर सोपारा गाव. नालासोपारा स्टेशन म्हणजे सोपारा नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. तिथून पश्चिमेला गाव, आणि गावाजवळ बुरूड राजाचा कोट. आमच्या लहानपणी ती एक टेकडी होती, वर झाडोरा. बुरूड राजा कोण, हे कोणाला माहीत नव्हतं. टोपल्या विणणारा राजा असेल म्हणून आम्ही मुलं हसायचो. आजी म्हणायची, तिथून साहेबाने सोन्याची डबी नेली. कुठला साहेब, कुठे नेली, ते तिला सांगता येत नसे. एकदा विचारलं तर म्हणाली, "मुंबईला नेली म्हणे. आपल्याकडचं सगळं तिकडेच जातं, केळी काय नि डबी काय."

आजीचं म्हणणं पुष्कळसं खरं निघालं, हे मला चाळिशीत कळलं. चुकलं होतं ते एवढंच की खोदणारा साहेब नव्हता. एप्रिल १८८२मध्ये कोट उकरला तो पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचा माणूस, १८३९चा जन्म. डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना मुंबईत आणलं आणि १८७४ साली भाऊ दाजी गेले तोवर लेणी आणि शिलालेख हुडकत देशभर फिरवलं. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर त्याच वर्षी निघत होतं, ते तयार करणाऱ्या कॅम्बेलसाहेबांना पंडितजींची मोठी मदत होती. तेव्हा आजीचा साहेब अगदीच हवेतला नसावा.

टेकडी म्हणजे विटांचा स्तूप. मध्यभागी विटांची कोठी, तिच्यात मोठी गोल दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती गोल मांडलेल्या. तांब्याच्या आत चांदीचा करंडा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं. आणि सगळ्यात आतल्या त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते अवशेष, असं पंडितजींचं मत पडलं. बाहेर दगड, मग धातू, मग सोनं, आणि त्याच्या पोटात खापरी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रेकॉर्ड रूममध्येच बसले होते, जेवणाच्या सुट्टीत, आणि डबा तसाच राहिला.

आता माझ्या धंद्याच्या नजरेने एक गोष्ट. त्या पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा तारखेचा शिक्काच बसला म्हणा ना. पण भोवतीच्या आठ मूर्ती जाणकार आठव्या-नवव्या शतकातल्या धरतात. याचा अर्थ पेटी मधे केव्हातरी उघडली गेली, मूर्ती मांडल्या गेल्या आणि झाकण पुन्हा बसलं. कोणी उघडली, का उघडली, कोणाच्या परवानगीने? नोंद नाही. हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंना मी काही बोल लावत नाही, त्यांनी दडवून तर ठेवली नव्हती ना. मूर्ती समोरच ठेवल्या. पण १८८२नंतरच्या उघडझापीची नोंद असायलाच हवी, कारण त्या वेळी मुंबईत कागद होता, शाई होती आणि सभेचं इतिवृत्त लिहिणारी सोसायटी होती.

ही सोसायटी साधी नव्हती. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळला सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' म्हणून ती सुरू केली. पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, १९५४ साली त्या नात्यातून मोकळी झाली, २००२पासून 'एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई'. पहिली छत्तीस वर्षं एकही देशी सभासद नाही. १८४०मध्ये माणकजी करसेटजी आले. अध्यक्षाच्या खुर्चीत पहिला देशी माणूस बसला तो न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग, १८९२ साली. हे सन सगळीकडे छापलेले मिळतात. नाव कोणी सुचवलं, अनुमोदन कोणी दिलं, त्या संध्याकाळी कोण गैरहजर राहिलं, हे सनावळीत बसत नाही, प्रोसिडिंग बुकात बसतं. माणसं कशी वागली ते गैरहजेरीवरून कळतं, हे कुठल्याही सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी सांगेल.

सोपाऱ्याच्या उत्खननावरचा पंडितजींचा लेख सोसायटीच्या जर्नलच्या पंधराव्या खंडात आहे. भाचीने मला तो मोबाइलवर उतरवून दिला आणि दोन रविवार शेजारी बसून इंग्रजी सोडवून सांगितलं. आमचं भातेला तळं त्यात आहे. त्याच तळ्याच्या आसपास, त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, जो आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा सापडायला १९५६ उजाडलं. तो भुईगावात शोधला सोसायटीचे तेव्हाचे ग्रंथपाल गोरे यांनी. ग्रंथपाल माणूस, पुस्तकांच्या कपाटातून उठून वसई तालुक्यात येतो आणि सम्राट अशोकाचा दगड ओळखतो. मला त्यांच्या प्रवासभत्त्याचं बिल पाहायला फार आवडेल. थट्टा नाही. त्यावर तारीख असते, जाण्यायेण्याचं ठिकाण असतं आणि कामाचं कारण असतं.

लेख वाचताना एका गोष्टीने मला त्रास झाला. गावांची नावं इंग्रजी अक्षरांतून गेली की त्यांचे हाल होतात. त आणि ट एक, द आणि ड एक, ळ तर गायबच. स्तूपाची जागा ज्या गावात येते त्याचं नाव मी फेरफारात एका तऱ्हेने पाहिलंय, गावात दुसऱ्या तऱ्हेने ऐकलंय आणि छापील लेखात तिसरंच वाचलं. पंडितजी इंग्रजीत लिहिणारे नव्हते. त्यांचं लेखन गुजरातीत व्हायचं, ते इंग्रजी करून छापलं जायचं. म्हणजे सोपाऱ्याच्या माणसाने मराठीत सांगितलेलं नाव गुजरातीत उतरलं, तिथून इंग्रजीत गेलं, आणि आज आम्ही ते परत मराठीत आणतो. मधला गुजराती कागद हाती लागला तर अर्धा घोळ मिटेल. १८८८ला पंडितजी वारले तेव्हा त्यांची नाणी आणि कोरीव दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेले, हस्तलिखितं सोसायटीकडे आली. दोन्ही त्यांच्याच इच्छेने. लेखांचे खर्डे कोणत्या वाटेने गेले, हे ज्या कागदावर असेल तो कागद मला हवा आहे.

आणि सगळ्यात जास्त हवी आहे ती पोच.

सोपाऱ्याचे अवशेष मुंबई सरकारने सोसायटीला दिले, एवढं पुस्तकांतून वाचायला मिळतं. 'दिले' म्हणजे काय? सरकार काहीही देतं तेव्हा पत्र लिहितं. पत्रासोबत यादी जोडतं. घेणारा सही करून पोच देतो. हे १८८२मध्ये होतं, मी नोकरीला लागले तेव्हा होतं, आजही आहे. त्या यादीत सोन्याची फुलं मोजून लिहिली असतील. करंड्यांची वजनं असतील. जमीन कोणाची, मजूर कोण, मजुरी किती, हे कदाचित दुसऱ्या कागदात. सोन्याची डबी आमच्या गावातून गेली त्याची आमच्याकडे फक्त आजीची गोष्ट उरली. तिकडे पोच आहे. गोष्ट आणि पोच शेजारी शेजारी ठेवून पाहायची, इतकीच माझी हौस.

आता आमच्या धंद्यातली वाईट बाजूही सांगते, नाहीतर मी शहाणपण शिकवतेय असं वाटेल. सरकारी कागदांचे वर्ग असतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. मुदत संपली की नाशयादी करायची, वर सही, कागद रद्दीत. साधी पोच बहुधा 'ड'मध्ये पडते. म्हणजे मी १८८३ साली त्या खुर्चीत असते तर सोपाऱ्याच्या करंड्याची पोच मीच नाशयादीत घातली असती, आणि नियमाला धरून घातली म्हणून शाबासकी मिळवली असती. बावीस वर्षांत मी किती नाशयाद्यांवर सह्या केल्या, ते आठवलं की अजून रात्री पाठ धरते. खाजगी विद्वत्संस्थांचं एक बरं असतं, त्यांना हे वर्ग लागू नसतात आणि त्या काही फेकत नाहीत. वाईट हे की न फेकलेलं सापडतंच असं नाही.

त्याचा अनुभव घ्या. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला आणि कागदांची वाटणी सुरू झाली. मी तेव्हा ज्या कार्यालयात होते त्याचं नाव घेत नाही. गठ्ठे बांधले, लाल कापडाचे रुमाल धुऊन वापरले, टेंपो आला. पाऊस धो धो. टेंपोच्या तळाला पाणी साचलेलं, म्हणून कोणीतरी हुशार माणसाने गठ्ठ्यांखाली एक जाडजूड, निरुपयोगी दिसणारी वही उघडून अंथरली. गठ्ठे कोरडे पोचले. ती वही म्हणजे सूची होती. कुठल्या गावचा कुठला कागद कितव्या गठ्ठ्यात, हे त्या एकाच ठिकाणी लिहिलेलं. शाईचा निळा लगदा झाला. एकही कागद हरवला नाही आणि एकही कागद सापडेना.

पुढचे आठ महिने अर्जावर आम्ही एकच शेरा मारला, 'शोध चालू'. गासहून एक आजोबा दर मंगळवारी यायचे, एका जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी. छत्री बाहेर उलटी टेकवून बाकावर बसायचे. "आहे का?" म्हणून विचारायचे. आहे म्हणावं तर दाखवता येत नाही, नाही म्हणावं तर खोटं. मी म्हणायचे, "असेल." एका मंगळवारी ते म्हणाले, "बाई, 'असेल'ची नक्कल मिळत नाही का? तीच द्या, कोर्टात लावतो." नवव्या महिन्यात कागद मिळाला, भलत्याच गावाच्या गठ्ठ्यात. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले.

म्हणून सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' नावाने दुर्मीळ पुस्तकं आणि नियतकालिकं संगणकावर आणली याचं कौतुक करूनही मी सूचीचं टुमणं सोडत नाही. नुसते फोटो काढून ठेवले तर गठ्ठा रुमालातून उठून संगणकात गेला इतकंच. तिथेही तो 'असेल'च. आणि सूचीची परंपरा या संस्थेत बाहेरून आणायची गरज नाही. गणपतराव कृष्ण तिवरेकर यांनी १८८६ सालीच जर्नलच्या पहिल्या सतरा खंडांची आणि त्याआधीच्या लिटररी सोसायटीच्या तीन खंडांची सूची छापली, वर संस्थेचा छोटा इतिहास जोडला. कार्डं नाहीत, संगणक नाही, वीस खंड टाक-दौतीने उलटून काढले. पुढे ह. दा. वेलणकरांनी संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक यादी केली, ती १९२५ ते १९३०च्या दरम्यान निघाली. भाऊ दाजींचा आणि भगवानलालांचा संग्रह तीत आहे. तिवरेकरांचं नाव रस्त्याला नाही, टाउन हॉलमध्ये त्यांचा पुतळा नाही. तिथे एल्फिन्स्टन आहे, माल्कम आहे, नाना शंकरशेट आहेत, ते असोत. पण गेली सव्वाशे-दीडशे वर्षं जो जो त्या जर्नलमध्ये काही शोधायला गेला, तो तिवरेकरांचा हात धरून आत गेला.

लेखांची सूची झाली, हस्तलिखितांची झाली. तिसरी दप्तराची हवी, छापील आणि मराठीत. फार थोर काम नको. अनुक्रमांक, कशाची वही किंवा फाइल, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, पानं, भाषा-लिपी, अवस्था, शेरा. सात रकाने. अवस्थेच्या रकान्यात 'जीर्ण' असं लिहून मोकळं होऊ नये. कसर, वाळवी, ओल की शाईने खाल्लेला कागद, हे वेगळं लिहावं, कारण त्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. पूर्वी लोखंडाची शाई वापरत, ती कागदाला आतून जाळते, आणि अशा पानावर पाण्यातली खळ लावली तर ओलीबरोबर शाई पसरते आणि आणखी खाते. हे मला एका बाइंडरने शिकवलं, कुठल्या परिपत्रकाने नाही.

दुसरं मागणं गावकरी म्हणून. सोपाऱ्याशी संबंध असलेला जो जो कागद त्या दप्तरात निघेल, त्याची एक स्वच्छ नक्कल वसई तालुक्यातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. करंडे परत द्या असं मी म्हणत नाही. कोटावर आज कुंपण आहे, बुद्धपौर्णिमेला माणसं येतात, मेणबत्त्या लावतात. पोरं विचारतात इथे काय होतं, आणि मोठी माणसं माझ्या आजीसारखंच उत्तर देतात. खरी यादी हातात असली तर निदान तेरा तुकडे म्हणून सांगता येईल.

माणूसबळ नाही, ही अडचण मला पाठ आहे. त्या वाक्याचा रबरी शिक्का मीच करवून घ्यायची बाकी होते. तेव्हा माझं नाव लिहून घ्यावं. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार सोडून कुठलेही. मंगळवारी मला अजून बाकावरचे आजोबा दिसतात. मानधन नको. पुराभिलेखवाल्यांच्या वर्गात मोडी शिकले आहे, वाचते बऱ्यापैकी. ब्रश, मास्क आणि सुती हातमोजे माझे मी आणीन. नालासोपाऱ्याहून ८.१२ची चर्चगेट पकडली तर दारं उघडायच्या आधी पोचते. गुडघ्यांमुळे पायऱ्या मात्र सावकाश चढेन, तेवढा वेळ धरावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अभिलेखापाल
सोपारा, ता. वसई, जि. पालघर